डेकवरचा वाडगा आधी उचला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: न्यू जर्सीत घर, मागे झाडी. घरात दोन मांजरं. पाच वर्षांचा बोका गुंड्या रोज संध्याकाळी बाहेर फेरी मारून येतो, आणि पांढरी साय कधी उंबरठा ओलांडत नाही. जूनअखेरीपासून रात्री डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, एक रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर कड्या असलेला इथला निशाचर प्राणी) आणि तिची तीन पिल्लं येतात. नातवंडांसाठी साताऱ्याहून आलेल्या तुमच्या आई त्यांना ‘उदमांजरं’ म्हणतात आणि दूध-पोळी, शिवाय मांजरांचं उरलेलं खाणं एका वाडग्यात घालून ठेवतात. दिवे मालवून सगळं घर सरकत्या काचेच्या दाराआड बसून मजा बघतं. शेजारी म्हणतात, रॅकून मांजरांना फाडतात, पिंजरा लावा आणि लांब जंगलात सोडून या. त्यात गेल्या आठवड्यापासून कधी न भांडणारी तुमची मांजरं एकमेकांवर फिसकारायला लागली आहेत. आठ वर्षांच्या मुलाला एक पिल्लू पाळायचंय. आणि तुम्हाला मांजरंही सुखात हवीत आणि रॅकूनही येत राहायला हवेत. जमेल का?

जमेल. माझ्याकडे जमलंय. पण आता चाललंय तसं नाही.

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजात शिकले, इकडच्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि गेली १९ वर्षं मध्य न्यू जर्सीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना बघते. रॅकून माझे पेशंट नाहीत, वन्यप्राण्यांवर उपचार करायला इथे वेगळा परवाना लागतो. पण रॅकूनपायी दवाखान्यात आलेली मांजरं आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत. तेव्हा हे सगळं मांजराच्या बाजूने बोलणाऱ्या बाईचं मत आहे असं समजा. काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे: दोघांच्या रेबीजच्या लसी चालू आहेत का, डेकच्या आसपास रॅकूनची शी दिसते का, आणि तुमच्या गावात वन्यप्राण्यांना खायला घालण्यावर बंदी आहे का. ती बऱ्याच ठिकाणी असते.

तुम्ही विचारलंत मांजरांबद्दल. मला वाचताना पहिली काळजी वाटली तुमच्या दीड वर्षाच्या मुलीची, जी सकाळी त्याच डेकवर दुडुदुडु फिरते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. तिचा धोका, मांजरांचं भांडण, शेजाऱ्यांची भीती, सगळी सुतं शेवटी त्या वाडग्याशी जाऊन मिळतात.

वाडगा नसताना रॅकून तुमच्या अंगणातून जातो, चार ठिकाणी हात घालून बघतो आणि पुढे सरकतो. वाडगा असला की तो थांबतो. उद्या लवकर येतो. परवा आणखी कोणी येतं: दुसरा रॅकून, ओपॉसम किंवा स्कंकसारखे इथले रात्री फिरणारे छोटे प्राणी, गल्लीतला एखादा बेवारस बोका. एरवी एकमेकांना टाळणारी ही मंडळी एकाच भांड्यात तोंड घालायला लागतात. भटाला दिली ओसरी तसं ते होतं, आणि तुमची ओसरी म्हणजे डेक. हे मी ऐकीव सांगत नाही. इकडे आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी भाड्याच्या घरात तळमजल्यावर राहत होते. एका उपाशी मांजरीसाठी बाहेर ठेवलेलं खाणं एक रॅकून खाताना दिसला आणि मला राजापूरच्या आजोळच्या माळ्यावरचं उदमांजर आठवलं. घरची आठवण येत होती, कौतुकाने मी रोज ठेवायला लागले. दीड महिन्यात सात जण झाले. एक दिवस उशीर झाला तर दाराची जाळी फाडली. आणि शेडच्या छपरावर त्यांनी काय करून ठेवलंय ते घरमालकीणबाईंनी मला शिडीवर चढवून दाखवलं.

त्या छपराची गोष्ट तुमच्या मुलीसाठी महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे ‘परसाकडे जाणं’ म्हणतात ना, रॅकून ते अक्षरशः पाळतात. जागा ठरलेली असते आणि अनेक जण तीच वापरतात. झाडाचं बूड, ओंडका, लाकडाचा ढीग, शेडचं सपाट छप्पर, डेकचा कोपरा. काळपट, जाडसर लेंडकं असतात, त्यात बेरीच्या बिया नाहीतर मक्याचे दाणे दिसतात. बऱ्याच रॅकूनच्या आतड्यात एक गोल जंत असतो, बेलिसअ‍ॅस्करिस नावाचा, आणि पिल्लांमध्ये तो मोठ्यांपेक्षा जास्त सापडतो. एकेका रॅकूनच्या शीतून रोज लाखो अंडी पडू शकतात, साध्या डोळ्यांना न दिसणारी. ताजी अंडी बाधत नाहीत, ती बाधण्याजोगी व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मात्र एकदा तशी झाली की मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ब्लीचने मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात.

माणसाला याची बाधा झाल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत, तेव्हा आज रात्री झोप उडवून घेऊ नका. पण ज्या झाल्या त्यांत माती तोंडात घालणारी लहान मुलं बरीच होती, आणि अळ्या मेंदूत शिरल्यावर झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. म्हणून ही एक गोष्ट मी ‘बघू, करू’च्या यादीत ठेवू देत नाही. उद्या उजेडात डेकखाली, शेडवर, झाडांच्या बुंध्याशी फिरून बघा. सापडलं तर हातमोजे, एन-९५ मास्क, जुने बूट घाला. आधी पाणी शिंपडून ओलं करा, म्हणजे धूळ उडणार नाही. कोरडं झाडायचं नाही. फावड्याने उचलून दुहेरी पिशवीत बांधा आणि जागेवर किटलीभर उकळतं पाणी ओता, दोनदा. हे दर आठवड्याला केलंत तर अंडी बाधण्याजोगी व्हायच्या आतच साफ होतात, साधं गणित आहे. मुलीची वाळूची पेटी असेल तर तिच्यावर झाकण हवंच. आणि कधी तिच्या तोंडात ते गेल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करून ‘रॅकूनची शी’ हे शब्द वापरा. औषध लवकर दिलं तर उपयोग होतो, लक्षणांची वाट बघत बसलं तर फार उशीर होतो.

मांजरांना या जंताचा त्रास क्वचितच होतो. मांजरांच्या बाजूने बघायचं तर मोठा विषय रेबीजचा.

आपण लहानपणापासून रेबीज म्हणजे पिसाळलेला कुत्रा आणि पोटातली चौदा इंजेक्शनं असंच ऐकत आलो. इथलं चित्र उलटं आहे. कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून गेल्याचं २००७ मध्येच जाहीर झालं. आता तो राहतो वटवाघळं, रॅकून, स्कंक, कोल्हे यांच्यात, आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावर रॅकूनचा प्रकार मुख्य. पाळीव प्राण्यांपैकी सगळ्यात जास्त रेबीज सापडतो तो कुत्र्यांत नव्हे, मांजरांत. कारण सरळ आहे. कुत्रा दोरीला बांधून फिरतो आणि त्याच्या परवान्यासाठी लस लागते. मांजर रात्री एकटं हिंडतं आणि त्याची लस ‘घरातलंच तर आहे’ म्हणून राहून जाते.

राहून जाते म्हणजे काय ते माझ्याच घरचं सांगते, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. २०१८ च्या सप्टेंबरात गणपतीला घरी पन्नासेक माणसं, दार सारखं उघडं. आमचा बोका मोरू त्या गर्दीतून कधी सटकला कळलं नाही. रात्री अकराला परत आला तो मान ओली, दोन दातांच्या खुणा, आणि बाहेर कचऱ्याच्या डब्यावर रॅकून. मी फाइल काढली तर त्याची लस दोन महिन्यांपूर्वी संपलेली. नशीब एवढंच की आधीच्या लसीचा दाखला होता. त्याच रात्री बूस्टर दिला आणि ४५ दिवस घरातच नजरेखाली ठेवला. आयुष्यात एकदाही लस न घेतलेल्या मांजराची गोष्ट वेगळी असते. त्याला मरण देण्याचा सल्ला दिला जातो, नाहीतर लगेच लस देऊन साधारण चार महिने कडक एकांतवास, तोही राज्याच्या आणि स्थानिक आरोग्य खात्याच्या नियमांप्रमाणे. एका कागदाने पडणारा हा फरक आहे. तेव्हा गुंड्या आणि साय दोघांचे दाखले आज शोधून तारखा बघा. सायलाही लस हवी, कारण वटवाघूळ अ‍ॅटिकमधून घरात येतं, त्याला उंबरठा लागत नाही.

त्या रात्री मी सवयीने एक गोष्ट बरोबर केली, जी बहुतेक लोक करत नाहीत: हातमोजे घातल्याशिवाय मोरूला हात लावला नाही. लोक काय करतात, बिचारं मांजर म्हणून कुशीत घेतात, उघड्या हातांनी मान पुसतात, मुलंही कुरवाळतात. मांजराच्या केसांवरची ओल ही रॅकूनची लाळ असू शकते. मग प्रश्न मांजरापुरता राहत नाही, घरातल्या कोणाकोणाला इंजेक्शनं द्यायची असा होतो. हाताला ओरखडा असेल किंवा रॅकून माणसालाच चावला असेल तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. इंजेक्शनं आता पोटात नसतात, दंडात असतात, आणि आधी कधी लस न घेतलेल्या निरोगी माणसाला चार पुरतात. शिवाय पहिल्या दिवशी जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, देतात.

दिवसाउजेडी दिसलेला प्रत्येक रॅकून पिसाळलेला असतो हा मात्र गैरसमज. पिल्लं असलेल्या माद्या उन्हाळ्यात दुपारीही बाहेर पडतात. चाल बघायची. झोकांड्या खात असेल, मागचे पाय ओढत असेल, माणसाला बघून जराही बिचकत नसेल, डोळ्यांना चिपडं आणि नाकाला शेंबूड असेल, तर सगळ्यांनी आत जायचं आणि टाऊनच्या अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करायचा. तो रेबीज असेल, कदाचित डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा एक विषाणूचा आजार) असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि ते ओळखणं आपलं काम नाही. डिस्टेंपर तुमच्या मांजरांना लागत नाही. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार मात्र मांजरं आणि रॅकून दोघांनाही होतो, म्हणून मांजरांची ती नेहमीची एकत्रित लसही चुकवू नका. पिसवांचं औषध दोघांनाही द्या आणि ते मांजरांसाठीचंच असू द्या. कुत्र्यांच्या पर्मेथ्रिनवाल्या औषधाने थरथरत आलेली मांजरं मी दरवर्षी बघते.

आता मांजरांचं आपसातलं भांडण. मला वाटतं याचं कारण तुमच्या समोरच होतं आणि तुम्ही मजा बघण्यात गुंग होतात. गुंड्या काचेशी बसतो. काचेपलीकडे, त्याच्या हद्दीत, त्याच्याच वाडग्यात कोणी परका जेवतोय. कान मागे, शेपूट बाटलीच्या ब्रशसारखी, अंगात सगळा आवेश दाटलेला आणि मध्ये काच. तेवढ्यात साय शेजारून जाते. राग तिच्यावर निघतो. ऑफिसातला राग घरी काढणारी माणसं आपण पाहिली आहेत, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की मांजर ते दुसऱ्या दिवशी विसरत नाही. साय आता गुंड्याला घाबरते, ती घाबरली की तो बिथरतो, आणि रॅकून नसतानाही ते चालू राहतं. दाराजवळ कोणी मुतायला लागलंय का तेही बघा. तेही याच रांगेतलं आहे.

यावर उपाय आहे, फक्त घाई चालत नाही. दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा, खाणं-पाणी-लिटर बॉक्स स्वतंत्र. भडकलेल्या मांजराला उचलायचं नाही, खोली अंधारी करून दार लोटून घ्यायचं. शांत झाले की बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून, मग एका खोलीत लांब लांब. कधी चार दिवसांत जमतं, कधी महिना लागतो. सरकत्या दाराच्या खालच्या दोन-अडीच फुटांना फ्रॉस्टेड फिल्म चिकटवा. काही मांजरं रॅकूनकडे टीव्ही बघावा तशी निवांत बघतात, माझी आताची मांजरी तशीच आहे, पंजे पोटाखाली दुमडून. गुंड्या तसा नाही हे त्याने तुम्हाला सांगितलंय. त्याला तो कार्यक्रम दाखवू नका. मुतलं असेल तर ती जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा. साध्या फिनाइलने वास आपल्याला जातो, त्याला नाही, आणि फिनाइल मांजरांना विषारीही असतं.

शेजारी म्हणतात ते ‘फाडतात’ किती खरं? मोठा रॅकून सात-आठ किलोचा, हिवाळ्याआधी त्याहूनही जाड, आणि गुंड्या असेल पाच किलोचा. अंगावर आलं तर रॅकून भारी पडेल, आणि मांजराची छोटी पिल्लं तर रॅकूनच्या वाटेत कधीच येऊ देऊ नयेत. पण मोठं मांजर आणि रॅकून बहुतेक वेळा एकमेकांना वळसा घालून जातात. ‘रॅकूनने मारलं’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मांजरांच्या शेपटीच्या मुळाशी गळू असतं तेव्हा ते काम बहुधा शेजारच्या बोक्याचं निघतं. खरी मारामारी होते ती दोनच कारणांनी: खाणं नाहीतर पिल्लं. तुमच्या डेकवर सध्या दोन्ही हजर आहेत.

म्हणून गुंड्याची संध्याकाळची फेरी बंद करा असं सांगतेय. निदान अंधार पडायच्या आत तो घरात हवा. रॅकून हे त्याचं एकच कारण, बाकीची कारणं म्हणजे गाड्या आणि कायोटी, म्हणजे लांडग्याच्या जातकुळीतला इथला जंगली प्राणी. कायोटी या राज्याच्या सगळ्या २१ काउंटींत नोंदले गेले आहेत. सोपी युक्ती: त्याचं मुख्य जेवण सूर्यास्ताआधी, घरातच, रोज एकाच वेळी, खाऊचा डबा वाजवून. दिवसभर वाटी भरलेली नको, भूक लागू दे. तीन-चार आठवड्यांत तो स्वतःच दाराशी येऊन बसेल. साधं कॅट डोअर असेल तर लक्षात ठेवा, रॅकूनला ते उघडायला तुम्हाला चष्मा शोधायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. मायक्रोचिप ओळखणारं दार बरं, पण रात्री त्यालाही कडी. आणि मोकळ्या हवेची त्याची हौस भागवायची तर कॅटिओ, म्हणजे मांजरासाठी जाळीने बंद केलेली बाहेरची जागा, बांधा. त्याला डासांची जाळी लावू नका, रॅकून ती कागदासारखी फाडतो. हार्डवेअर क्लॉथ नावाची तारेची जाळी मिळते (नाव क्लॉथ, असते लोखंडी), ती अर्ध्या इंचाची घ्या.

पिंजरा लावून जंगलात सोडण्याबद्दल शेजाऱ्यांना एक गोष्ट सांगा. १९७० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी दक्षिणेकडचे रॅकून पकडून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात सोडले गेले. त्यांच्याबरोबर रेबीज गेला. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिली केस सापडली, आणि डोंगर-नद्या ओलांडत तो १९८९ मध्ये न्यू जर्सीत पोचला. आज आपण ज्याची लस टोचतो तो अशाच ‘लांब नेऊन सोडण्या’तून आलेला आहे. म्हणून अनेक राज्यांत असं सोडणं बेकायदा आहे. कॅनडात ऑन्टारियोचा नियम तर असा की पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडायचा. शिवाय या दिवसांत आई पिंजऱ्यात गेली तर पिल्लं मागे राहतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत महिन्याभरात दुसरा रॅकून येतो. त्यापेक्षा चिमणीवर टोपी बसवा, कचऱ्याच्या डब्याला पट्टा लावा, बर्ड फीडर रात्री आत घ्या. मात्र अ‍ॅटिकमध्ये किंवा चिमणीत पिल्लं असतील तर घाईने भोक बुजवू नका. परवानाधारक माणसाला बोलवा.

मुलाला पिल्लू पाळायचंय. कॅल्व्हिन कूलिज राष्ट्राध्यक्ष असताना १९२६ मध्ये त्यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी म्हणून एक जिवंत रॅकून भेट आला होता. त्यांनी तो न खाता पाळला, रिबेका नाव ठेवलं, दोरीला बांधून फिरवलाही. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा आणि मग सांगा की न्यू जर्सीत त्याला परवाना लागतो, रॅकूनला टोचायची रेबीजची मान्यताप्राप्त लस नाही, आणि वयात आलेला रॅकून सोफ्यावर बसून राहत नाही, सोफा उसवून आत काय आहे ते बघतो.

त्याला त्याऐवजी बघायला शिकवा. हा माझा आवडता भाग, म्हणून थोडं लांबतं. वाडगा असताना तुम्हाला दिसतो खाणारा रॅकून, डोकं खाली, पाठ वर. वाडगा नसताना दिसतो शोधणारा रॅकून, आणि तो कितीतरी मजेदार असतो. त्याची नजर भलतीकडे असते आणि हात आपलं काम करत असतात, अंधारात पर्समध्ये किल्ली चाचपावी तसे. त्याच्या मेंदूचा स्पर्शाचा मोठा भाग पुढच्या पंजांसाठीच राखलेला आहे, आणि पंजे ओले झाले की स्पर्श आणखी तल्लख होतो. लोक म्हणतात तो जेवण धुऊन खातो. लॅटिन नावातल्या ‘लोटर’चा अर्थही धुणारा. खरं तर तो धूत नाही, बोटांनी वाचतो. रॅकून हा इंग्रजी शब्द व्हर्जिनियातल्या पाउहाटन लोकांच्या भाषेतून आला, त्यातही हाताने खरवडण्या-चोळण्याचाच भाव आहे. झाडावरून उतरताना नीट बघा: डोकं खाली करून, मागचे पाय उलटे फिरवून सरळ उतरतो. गुंड्याला ते जन्मात जमणार नाही.

वरच्या मजल्याची खिडकी निवडा. डेकचा सेन्सरवाला दिवा बंद, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद. शंभरेक डॉलरच्या आत इन्फ्रारेडचा ट्रेल कॅमेरा मिळतो, तो झाडाला बांधा आणि मुलाला रोजची वही करायला लावा: किती वाजता, कितीजण, कुठून कुठे. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं आईच्या मागे रांगेत असतात आणि कुरकुरत, चिरचिरत बोलतात. काच जरा सरकवली तर ऐकू येईल, जाळी बंदच ठेवून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळे गुबगुबीत होतात आणि लॉनची सालं सोलून हुमणीच्या अळ्या खातात. त्यातल्या बऱ्याच जपानी बीटलच्या, जो किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, रिव्हर्टनला, १९१६ मध्ये. लॉनचं नुकसान होतं खरं, पण मला त्यांचा राग येत नाही. मक्याचा येतो. कणीस उद्या काढू म्हणावं आणि त्यांनी आज रात्रीच काढावं, हे त्यांना कसं कळतं देव जाणे. डिसेंबरनंतर ते कमी दिसतील. पक्की शीतनिद्रा नसते, पण थंडीच्या लाटेत दिवसचे दिवस ढोलीत पडून राहतात.

राहिल्या तुमच्या आई. हा भाग औषधाहून अवघड, मला माहीत आहे. ज्या घरात जेवणाआधी कावळ्याला आणि गाईला घास काढतात तिथे वाढलेल्या बाईला ‘मुक्या जनावराला खायला घालू नका’ असं एकदम सांगितलं तर ती दुखावणारच. मी माझ्या आईला असं सांगितलं होतं: अगं, आजोळच्या उदमांजराला आजीने कधी ताट वाढलं होतं का? ते यायचं, पडके आंबे-फणस खाऊन जायचं. तसंच इथे करू. मग आम्ही अंगणाच्या पार टोकाला, घरापासून लांब, तुतीचं आणि सर्व्हिसबेरीचं झाड लावलं. आता जूनमध्ये पाखरं वरची फळं खातात आणि रॅकून खाली पडलेली. (आणि मी झाडाच्या बुंध्याशी किटली घेऊन जाते, ते चुकत नाही.) तुमच्या आईंनी दिवसा पक्ष्यांना दाणे घालावेत. त्यांना हेही सांगा की रॅकून उदमांजराच्या कुळातला नाही. ते मांजराच्या बाजूचं, रॅकून कुत्र्या-अस्वलांच्या बाजूचा. म्हणजे उदमांजराचं नातं गुंड्याशी जास्त जवळचं.

वाडगा मात्र एकदम बंद करायचा, आज थोडा उद्या आणखी थोडा असं नाही. कधी मिळतं कधी नाही, हे कळलं की ते जास्त चिकाटीने येतात. आठ-दहा दिवस दाराशी येतील, काचेला हात लावतील, आईंचा जीव तुटेल. पिल्लं उपाशी राहतील का? जुलैत नाही. ओढ्यात झिंगे आहेत, मातीत गांडुळं आहेत, बेरी पिकताहेत, आणि आईने त्यांना तेच शिकवायचे हे दिवस आहेत.

ता. क. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पिल्लं तीन नाहीत, चार आहेत. चौथं डावीकडे कुंडीच्या मागे आहे, फक्त शेपटीच्या दोन कड्या दिसतात. मुलाला शोधायला सांगा.